थायरॉईड बिघडले की मूत्रपिंड?

चेहऱ्यावर सूज, हातपाय जड, सतत थकवा, भूक मंद, कातडी कोरडी, इतरांपेक्षा थंडी जास्त वाजणे आणि रक्त कमी असणे. या तक्रारी घेऊन रुग्ण समोर बसला की डॉक्टरच्या मनात दोन आजार एकाच वेळी उभे राहतात. एक मूत्रपिंडाचा, म्हणजे किडनीचा, आणि दुसरा थायरॉईड ग्रंथीचा. दोघांची लक्षणे इतकी सारखी, की नुसते पाहून सांगणे अवघड जाते. त्यातून हे दोन अवयव एकमेकांच्या कामातही ढवळाढवळ करतात. म्हणून एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर खपतो आणि उपचार भलतीकडेच सुरू होतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. आजच्या लेखात या दोन अवयवांचे नाते समजून घेऊ.

दोन अवयव, दोन कामे

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला चिकटून असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. ती थायरॉक्सिन नावाचा रस थेट रक्तात सोडते. हा रस शरीराच्या कामाची गती ठरवतो. चूल किती पेटती ठेवायची हे जसे घरची बाई ठरवते, तसे हृदयाने किती वेगाने चालायचे, आतड्यांनी किती हालचाल करायची, अंगात ऊब किती ठेवायची हे ही ग्रंथी ठरवते. या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीची देखरेख असते. थायरॉक्सिन कमी पडले की पीयूष ग्रंथी टीएसएच नावाचा रस जास्त सोडून थायरॉईडला कामाला लावते. म्हणून टीएसएच वाढलेले दिसले तर बहुधा थायरॉईड मंदावलेली असते, आणि फार कमी दिसले तर ती बहुधा जास्त काम करीत असते. हा उलटा हिशेब वाचकांनी लक्षात ठेवावा. 'थायरॉईड वाढले' असे पुष्कळ रुग्ण सांगतात, पण त्यांचे वाढलेले असते टीएसएच.

मूत्रपिंडे दोन. कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असतात. हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांतून जातो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतला जातो. उरलेली दीड-दोन लिटर लघवी होते. मूत्रपिंड किती गाळते हे प्रत्यक्ष मोजणे कठीण, म्हणून आपण रक्तातील क्रिएटिनिन पाहतो. क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. गाळणे कमी झाले की तो रक्तात साचतो. बहुतेक प्रयोगशाळांमध्ये मोठ्या माणसासाठी ०.६ ते १.२ मिलिग्रॅमच्या आसपासचा आकडा सर्वसाधारण मानतात.

जुना गोंधळ

इंग्लंडमध्ये डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, लघवीतून जाणारे अल्ब्युमिन आणि खराब झालेली मूत्रपिंडे यांचा संबंध दाखवून दिला. त्यानंतर सुजलेला रुग्ण दिसला की 'ब्राइटचा आजार' म्हणण्याची पद्धत पडली. थायरॉईड मंदावल्यामुळे फुगलेल्या स्त्रियाही अनेकदा त्याच नावाखाली गणल्या जात. १८७३ मध्ये सर विल्यम गल यांनी अशा स्त्रियांचे वर्णन केले आणि १८७८ मध्ये डॉ. विल्यम ऑर्ड यांनी या आजाराला मिक्सिडीमा हे स्वतंत्र नाव दिले. १८९१ मध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून अशाच एका स्त्रीला बरे केले. ती पुढे २८ वर्षे जगली. म्हणजे हा गोंधळ फार जुना आहे. आज तो सोडवायला रक्त-लघवीच्या साध्या तपासण्या पुरतात.

थायरॉईड मंदावली तर

थायरॉक्सिन कमी पडले की हृदयाचा जोर कमी होतो, मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त घटते आणि गाळण्याचे काम मंदावते. त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेले दिसते. शिवाय या आजारात स्नायू दुखतात व कमजोर होतात, आणि स्नायूंवरच्या या परिणामामुळेही क्रिएटिनिनमध्ये भर पडू शकते. जास्तीचे पाणी बाहेर टाकण्याची मूत्रपिंडाची ताकदही कमी होते. त्यामुळे रक्तातले सोडियम उतरू शकते. वयस्कर माणूस एकाएकी सुस्त पडला, बडबड करू लागला, तर त्याचे सोडियम आणि टीएसएच दोन्ही पाहावे लागतात.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी शेजारच्या खेड्यातील चाळिशीतील एक शेतमजूर बाई आल्या. वर्षभर अंगदुखी, आवाज घोगरा, चेहरा सुजलेला. अंगदुखीसाठी औषध दुकानातून गोळ्या आणून जवळजवळ रोज घेत होत्या. कुठेतरी रक्त तपासले, क्रिएटिनिन १.७ आले आणि 'तुमची किडनी चालली' असे त्यांना सांगण्यात आले. घरच्यांनी डायलिसिसची चौकशी सुरू केली होती. बाईंच्या मुलीचे लग्न ठरलेले, ते पुढे ढकलण्याची भाषा चालू होती. लघवीत अल्ब्युमिन नव्हते. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांचा आकार चांगला होता. टीएसएच मात्र १०० च्या वर. दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, थायरॉक्सिनची गोळी हळूहळू वाढवत नेली. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.० वर आले. लग्न ठरल्या तारखेला झाले.

या उदाहरणात एक साखळी दिसते. थायरॉईड मंद, म्हणून अंग दुखते. अंग दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त आणखी कमी करतात. आधीच पाणी कमी आलेल्या पाटावर कोणी दुसरे बारे द्यावे तसे हे आहे. सोयाबीन सोंगणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत अंगदुखी सर्वांनाच असते, पण महिनोन् महिने गोळीशिवाय दिवस जात नसेल तर तिचे कारण शोधलेच पाहिजे.

थायरॉईड जास्त काम करू लागली तर

येथे चित्र उलटे होते. वजन घटते, छाती धडधडते, घाम येतो, हात थरथरतात. मूत्रपिंडातून रक्त जास्त वाहते, गाळणे वाढते. स्नायूही झिजलेले असतात. त्यामुळे क्रिएटिनिन कमी दिसते आणि एखाद्याचे मूत्रपिंड खरोखर बिघडलेले असले तरी अहवाल चांगला येतो. मग थायरॉईडवर उपचार सुरू होतात आणि क्रिएटिनिन वर येते. रुग्णाला वाटते औषधाने किडनी बिघडवली, आणि तो औषध सोडून देतो. हे धोक्याचे आहे. बहुतेक वेळा औषधाने फक्त पडदा बाजूला केलेला असतो आणि आत होते ते दिसू लागलेले असते. अशा वेळी औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना अहवाल दाखवावा.

मूत्रपिंड बिघडले तर थायरॉईडचे काय होते?

थायरॉक्सिन रक्तातून फिरते ते बहुतांशी प्रथिनांच्या पाठीवर बसून. काही मूत्रपिंडविकारांत लघवीतून प्रथिने मोठ्या प्रमाणावर वाहून जातात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते. या गळतीबरोबर थायरॉक्सिनही बाहेर जाते. ग्रंथी धडधाकट असेल तर ती जास्त रस करून तूट भरून काढते. आधीच कमजोर असेल तर तूट भरत नाही आणि टीएसएच वाढते. थायरॉक्सिनची गोळी वर्षानुवर्षे ठरावीक मात्रेत घेणाऱ्या रुग्णाला अचानक ती अपुरी पडू लागली, तर लघवीतील अल्ब्युमिन जरूर पाहावे.

मूत्रपिंडाचा आजार दीर्घकाळ चाललेला असेल तर आणखी एक गोष्ट घडते. टी-४ या रसाचे टी-३ या जास्त प्रभावी रसात रूपांतर कमी होते. त्यामुळे अहवालात टी-३ कमी दिसते, पण टीएसएच ठीक असते. हा थायरॉईडचा स्वतंत्र आजार नसतो. आजारी शरीराने आपली गती कमी केलेली असते. केवळ टी-३ कमी आहे म्हणून थायरॉक्सिन सुरू करू नये. मात्र खरोखर मंदावलेली थायरॉईडही मूत्रपिंडाच्या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळते. म्हणून तपासणी करावी आणि तिचा अर्थ जाणकाराकडून लावून घ्यावा.

पन्नाशीतल्या एका मधुमेही गृहस्थांची गोष्ट सांगण्याजोगी आहे. पायावर सूज आली म्हणून त्यांनी थायरॉईड तपासले. टीएसएच ८ आले. ओळखीच्या माणसाच्या सल्ल्याने गोळी सुरू केली आणि सुजेचे कारण सापडले असे समजून वर्षभर स्वस्थ बसले. लघवीला फेस येत होता, त्याकडे लक्ष दिले नाही. माझ्याकडे आले तेव्हा लघवीत अल्ब्युमिन भरपूर होते आणि क्रिएटिनिन २.४ झाले होते. साखर व रक्तदाब काबूत आणून, योग्य औषधे देऊन पुढची घसरण मंद करता आली. गेलेले वर्ष परत मिळाले नाही. थायरॉईडची गोळी हे मूत्रपिंडाचे औषध नव्हे.

सूज पाहून काय समजावे?

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. नडगीच्या हाडावर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरावा. अंगठा काढल्यावर खळगा राहिला तर ती पाण्याची सूज. मूत्रपिंड, हृदय, यकृत यांच्या आजारांत व रक्तक्षयातही अशी सूज येते. मंद थायरॉईडची खास सूज दाबली तरी खळगा पडत नाही, कातडी जाड व खरखरीत लागते. पण केवळ या परीक्षेवर विसंबू नये. दोन्ही आजार एकत्र असू शकतात. लघवी कमी होणे, लालसर किंवा चहासारखी होणे, दम लागणे, उलट्या होणे यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

औषधांच्या वेळा पाळा

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा आणि न्याहारी अर्ध्या ते एक तासाने. मूत्रपिंडाच्या रुग्णांना बहुधा कॅल्शियम, लोह आणि फॉस्फरस बांधून ठेवणारी औषधे दिलेली असतात. ही औषधे पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात जाऊ देत नाहीत. म्हणून दोन्हींत किमान चार तासांचे अंतर हवे. पुष्कळ घरांत सकाळच्या सगळ्या गोळ्या एका मुठीत घेऊन गिळतात. मग टीएसएच उतरत नाही, मात्रा वाढत जाते आणि दोष गोळीला लागतो. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावे. त्याआधी तपासून उपयोग नाही. वयस्कर व हृदयविकार असलेल्यांना गोळी लहान मात्रेपासून सुरू करावी लागते.

काही औषधे दोन्ही अवयवांवर परिणाम करतात. मानसिक आजारात दिले जाणारे लिथियम थायरॉईड मंद करू शकते आणि मूत्रपिंडालाही त्रास देऊ शकते. ते घेणाऱ्यांनी दोन्ही तपासण्या ठरावीक काळाने कराव्यात. सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधात आयोडीन भरपूर असते. तपासणीपूर्वी आपल्याला थायरॉईडचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास न विचारता सांगावे.

मीठ, आयोडीन आणि खारपाण पट्टा

आपल्या जिल्ह्यात मूत्रपिंडाचा विषय निघाला की खारपाण पट्ट्याचे नाव येते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा पट्टा अमरावती, अकोला आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पसरला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांतील गावांत विहिरी-बोअरचे पाणी खारे आहे आणि तेथील मूत्रपिंडविकाराचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे. आपला लोणार-मेहकरचा भाग त्या पट्ट्याबाहेर, घाटावर आहे. तरी लेकीबाळी तिकडे दिलेल्या आहेत, पाहुण्यांचे येणेजाणे आहे. त्या भागातील नातेवाइकांना रक्तदाब, क्रिएटिनिन व लघवीची तपासणी दरवर्षी करायला सांगावे. पाणी खारे आहे म्हणजे त्यातून आयोडीन मिळतेच, असा हिशेब मात्र धरू नये. पाण्याचा खारटपणा आणि आयोडीन या वेगळ्या गोष्टी आहेत.

आयोडीनशिवाय थायरॉक्सिन तयार होत नाही. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे सिद्ध केले. १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर १७ मे २००६ पासून देशभर बंदी आली. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे लागते.

मूत्रपिंडाच्या व रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ कमी खायला सांगतात. ते योग्यच आहे. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ, ही सर्वांसाठीच मर्यादा आहे. लोणचे, पापड, ठेचा यांतले मीठही त्यात धरावे. परंतु जे थोडे मीठ खाल ते आयोडीनचेच असावे. मीठ डब्यात घट्ट झाकून, चुलीपासून दूर ठेवावे. सैंधव मीठ औषधी म्हणून रोजच्या भाजीत घालणाऱ्यांनी पाकिटावर आयोडीनचा उल्लेख आहे का ते पाहावे. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंड अशक्त असलेल्या माणसाच्या रक्तात ते साचून हृदय बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अशा रुग्णाने ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

कोणी कोणती तपासणी करावी?

१. क्रिएटिनिन पहिल्यांदाच वाढलेले आढळले तर टीएसएच एकदा जरूर करावे. क्रिएटिनिन तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा पाहिल्याशिवाय 'कायमचा किडनीविकार' असा शिक्का सहसा मारू नये. मात्र ते झपाट्याने वाढत असेल तर तीन महिने थांबू नये.

२. टीएसएच वाढलेले आढळले तर लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि रक्तदाब एकदा पाहावा.

३. मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्यांनी लघवी व क्रिएटिनिन दरवर्षी तपासावे. मूत्रपिंड कायमचे खराब होण्याची ही दोन सर्वांत मोठी कारणे आहेत.

४. गर्भवती स्त्रीची थायरॉईड, लघवी व रक्तदाब या तिन्हींकडे लक्ष असावे. गरोदरपणात थायरॉक्सिनची मात्रा वाढवावी लागते. गोळी बंद करू नये.

लघवीतील अल्ब्युमिनची पट्टीवरची तपासणी स्वस्त आहे आणि पाच मिनिटांत होते. महाग तपासण्यांच्या यादीत लोक नेमकी हीच विसरतात.

वाचकांच्या शंका

शंका : थायरॉईडची गोळी आयुष्यभर घेतल्याने किडनी खराब होते का?
उत्तर : नाही. योग्य मात्रेत थायरॉक्सिन मूत्रपिंडाला अपाय करीत नाही. ती न घेतल्याने गाळणे मंदावते. मात्र गरजेपेक्षा जास्त मात्रा हृदयाला व हाडांना त्रास देते, म्हणून टीएसएच पाहत राहावे.

शंका : गोळी सुरू केली, क्रिएटिनिन थोडेच उतरले. असे का?
उत्तर : मूत्रपिंडाचा वेगळा आजारही असावा. थायरॉईडमुळे झालेला भाग सुधारतो, उरलेल्यावर स्वतंत्र उपचार लागतात. मूत्रपिंडतज्ज्ञांना एकदा दाखवावे.

शंका : टीएसएच ६ आहे, त्रास काही नाही. मूत्रपिंडाचा आजार आहे. गोळी घ्यावी का?
उत्तर : लगेच नाही. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच व टी-४ पुन्हा पाहावे. थोडेसे वाढलेले टीएसएच प्रत्येक वेळी औषध मागत नाही.

शंका : डायलिसिसचा खर्च झेपत नाही. काय करावे?
उत्तर : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. शेत विकण्याचा विचार करण्याआधी ही चौकशी करावी.

शेवटी एवढेच सांगेन की आपल्या तपासण्यांचे सगळे कागद एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावून ठेवा. डॉक्टर बदलला तरी पिशवी बदलू नका. आजचे क्रिएटिनिन १.७ आहे एवढ्यावरून फारसे कळत नाही. दोन वर्षांपूर्वी ते किती होते, त्या वेळी टीएसएच किती होते आणि मधल्या काळात कोणत्या गोळ्या घेतल्या, हे कळले की निम्मे निदान तेथेच होते.